अंथरूण ओले होण्यावरची गोळी : आधी मोजमाप, मग पाण्याचा नियम

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अंथरूण ओले करणाऱ्या मुलाला औषध द्यावे का, हा प्रश्न डॉक्टरांकडे बहुधा उशिरा येतो आणि आला की घाईत येतो. मूल आठ-नऊ वर्षांचे झालेले असते, शाळेचे शिबिर चार दिवसांवर आलेले असते आणि पालकांना तेवढ्या रात्रींपुरती गोळी हवी असते. अशी गोळी आहे, आणि ती चांगली आहे. ‘गोळ्या-बिळ्या नकोत, मोठे झाले की थांबेल’ म्हणणारे आणि मूल समोर बसताच चिठ्ठी खरडणारे, दोघेही माझ्या मते चुकतात. गोळी कोणाला लागू पडेल ते आधी मोजून ठरवता येते. आणि ती घेतलेल्या रात्री पाणी किती प्यायचे, हे गोळीइतकेच महत्त्वाचे असते. चिठ्ठीवर ही दुसरी गोष्ट लिहिलेली क्वचितच दिसते, म्हणून हे पत्र.

आधी वयाचे. पाच वर्षे पूर्ण होण्यापूर्वी रात्री अंथरूण ओले होणे हा आजारच नव्हे. त्या वयात औषधाचा विचारही करू नये. पाचव्या वर्षी साधारण १५ टक्के मुलांचे अंथरूण अधूनमधून ओले होते आणि पुढे दर वर्षी त्यांतल्या सुमारे १५ टक्के मुलांचे आपोआप थांबते. शंभरात एखादा-दुसरा मात्र मोठेपणीही त्यातून सुटत नाही, आणि लहानपणी रोज रात्री ओले करणाऱ्यांत अशांचे प्रमाण जास्त असते. ‘आपोआप थांबेल’ हे बहुतेकांच्या बाबतीत खरे आहे. कधी थांबेल हे कोणालाच सांगता येत नाही. आई-वडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, दोघांना असेल तर ७७ टक्के. झोपेत घडणाऱ्या गोष्टीसाठी मुलाला रागावून काही साधत नाही, एवढे यातून लक्षात यावे. औषधाचा प्रश्न सहा-सात वर्षांनंतरचा, आणि तोही मुलाला स्वतःला त्रास वाटत असेल तर.

रात्री अंथरूण का ओले होते? झोपेत मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक जास्त सुटते आणि मूत्रपिंडे लघवी कमी व घट्ट करतात. काही मुलांत ही रात्रीची वाढ पुरेशी होत नाही, त्यामुळे दिवसाइतकीच लघवी रात्रीही तयार होते. काहींच्या लघवीच्या पिशवीत पुरेसे मावत नाही, किंवा ती भरण्याआधीच आकुंचन पावते. तिसरी गोष्ट जवळजवळ सगळ्यांत असते : पिशवी भरल्याचा इशारा त्यांना झोपेतून उठवत नाही. नेहमी दिली जाणारी गोळी, डेस्मोप्रेसिन, यांतल्या फक्त पहिल्या कारणावर काम करते. दुसऱ्या कारणाच्या मुलाला ती महिनोन्महिने दिली तरी फारसे काही होत नाही, आणि मग ‘औषध करून पाहिले, उपयोग नाही’ असा शिक्का बसतो.

म्हणून आधी मोजमाप. त्याला मापाचे भांडे, एक-दोन ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा, मुलाच्या मापाचे डायपर आणि एक वही एवढेच लागते. सुट्टीचे दोन दिवस निवडून दिवसभरातली प्रत्येक लघवी भांड्यात करून मिलिलिटरमध्ये लिहावी. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी यात धरायची नाही. उरलेल्यांतली सर्वांत मोठी ही त्या पिशवीची क्षमता. वयाप्रमाणे अपेक्षित क्षमता काढायला सोपे सूत्र आहे : वयात एक मिळवून ३० ने गुणावे. सात वर्षांच्या मुलाला २४० मिलिलिटर. रात्रीसाठी डायपर झोपण्यापूर्वी कोरडा असताना तोलायचा आणि सकाळी ओला तोलायचा. फरक जितके ग्रॅम तितके मिलिलिटर धरावेत. त्यात सकाळची पहिली लघवी मिळवली की रात्रीची बेरीज झाली. मधे उठून लघवी केली असेल तर तीही यात मिळवावी. डायपर गळला तर ती रात्र खोडून टाकावी, अंदाज लिहू नये. अशा सात रात्री मिळाल्या की चित्र स्पष्ट होते. मोठ्या मुलाला डायपरची लाज वाटते. हे फक्त मापापुरते आहे आणि आठवड्यात संपणार आहे, हे त्याला आधीच सांगावे. काटा वाचण्याचे काम त्याच्याकडेच दिले तर बरेचदा तो ते आवडीने करतो.

आता वाचन. रात्रीची बेरीज अपेक्षित क्षमतेच्या १३० टक्क्यांहून जास्त, म्हणजे आपल्या सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ३१२ मिलिलिटरच्या वर जात असेल, आणि दिवसाची मोठी लघवी २४० च्या आसपास असेल, तर डेस्मोप्रेसिनचा चांगला उपयोग होण्याची शक्यता आहे. रात्रीची बेरीज बेताची आहे, पण दिवसाची मोठी लघवी अपेक्षेच्या ६५ टक्क्यांहून कमी, म्हणजे दीडशेच्या आसपास किंवा खाली अडकते, तर या गोळीकडून फार अपेक्षा ठेवू नये. दोन्ही आकडे बिघडलेले असतील तर उपचारही बहुधा दुहेरी लागतात. दोन्ही ठीक असतील तर अलार्म हा पहिला पर्याय, त्याविषयी पुढे.

वही भरत असतानाच आणखी एक चौकशी करावी, ती शौचाची. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणारे, कडक, मोठ्या खड्यांचे शौच किंवा चड्डीला लागणारे डाग म्हणजे बद्धकोष्ठ. भरलेले मलाशय लघवीच्या पिशवीवर दाबते. हे आधी दुरुस्त केल्याशिवाय कोणतीही गोळी सुरू करणे म्हणजे औषध वाया घालवणे. काही मुलांचे अंथरूण नुसता कोठा साफ झाल्यावरच कोरडे होते. घोरणाऱ्या, तोंडाने श्वास घेत झोपणाऱ्या मुलाचे टॉन्सिल व अ‍ॅडेनॉइड तपासून घ्यावेत. चालू असलेल्या औषधांची यादीही डॉक्टरांना दाखवावी : फिटसाठीचे व्हॅल्प्रोएट किंवा वर्तनाच्या तक्रारींसाठीचे रिस्पेरिडोन यांमुळेही अंथरूण ओले होऊ शकते.

काही लक्षणे दिसली तर गोळीचा विषय तिथेच थांबवून पूर्ण तपासणी करावी. सहा महिने किंवा जास्त काळ कोरडे राहिलेले मूल पुन्हा ओले करू लागले आणि त्याला तहान फार लागते, वजन घटते आहे, तर लघवी व रक्तातली साखर त्याच दिवशी तपासावी. मुलांमधला मधुमेह असा सुरू होतो आणि तिथे उशीर चालत नाही. दिवसाही चड्डी ओली होणे, लघवीची धार बारीक किंवा तुटक असणे, जोर करावा लागणे, लघवीला जळजळ, कमरेच्या मणक्यावर खळगा किंवा केसांचा पुंजका, चालण्यात फरक यांपैकी काही असेल तर कारण वेगळे असण्याची शक्यता असते.

आता प्रत्यक्ष डेस्मोप्रेसिन. १९६७ साली प्रागमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी व्हॅसोप्रेसिनच्या रेणूत दोन बदल करून ते बनवले. रक्तवाहिन्या आवळण्याचा मूळचा गुण त्यातून जवळजवळ गेला आणि मूत्रपिंडांकडून पाणी राखून घेण्याचा गुण अधिक टिकाऊ झाला. साधी गिळायची गोळी ०.१ आणि ०.२ मिलिग्रॅमची येते. जिभेखाली विरघळणारी ६०, १२० आणि २४० मायक्रोग्रॅमची. चुका इथूनच सुरू होतात. ०.२ मिलिग्रॅम म्हणजे २०० मायक्रोग्रॅम, पण विरघळणारी गोळी जास्त प्रमाणात शोषली जात असल्याने तिचे १२० मायक्रोग्रॅम साध्या गोळीच्या २०० च्या बरोबरीचे असतात. एक प्रकार सोडून दुसरा घेताना नुसता आकडा जुळवला तर मात्रा चुकते.

मात्रा वजनावर ठरत नाही. साधी गोळी ०.२ मिलिग्रॅमने सुरू करतात. एक ते दोन आठवड्यांत पुरेसा फरक दिसला नाही तर ०.४ पर्यंत नेतात. विरघळणारी १२० ने सुरू होते आणि २४० पर्यंत जाते. साधी गोळी झोपण्यापूर्वी एक तास, विरघळणारी अर्धा ते एक तास आधी. गादीवर पडता पडता दिली तर तिचा अंमल बसेपर्यंत झोपेचा पहिला भाग निघून जातो, आणि पुष्कळ मुलांचे अंथरूण ओले होते ते नेमके त्याच वेळी. गोळी दिल्यावर मूल जागे असले पाहिजे आणि झोपण्याआधी त्याने शेवटची लघवी केली पाहिजे.

साध्या गोळीतला एक टक्क्याहूनही कमी भाग रक्तात पोहोचतो, आणि पोटात अन्न असेल तर तोही घटतो. भरपेट जेवणावर लगेच घेतलेली गोळी ‘चालत नाही’ त्याचे कारण बरेचदा एवढेच असते. जेवण तास-दीड तास अलीकडे घेतले की मात्रा न वाढवता काम होते. विरघळणारी गोळी पट्टीतून अंगठ्याने दाबून काढली तर तिचा चुरा होतो. वरचा कागद सोलून, कोरड्या हाताने उचलून जिभेखाली ठेवायची. चावायची नाही, वर पाणी द्यायचे नाही. साध्या गोळीला एक घोट पाणी पुरे.

आणि आता पाणी. गोळी घेण्याच्या एक तास आधीपासून घेतल्यावर आठ तासांपर्यंत मुलाने तहान भागवण्यापुरते घोटभरच प्यावे. सगळे मिळून २०० मिलिलिटरपेक्षा कधीही जास्त नाही. ‘पाणी’ म्हणजे सगळेच द्रव : दूध, सरबत, सूप हेही त्यातच. कारण सरळ आहे. हे औषध मूत्रपिंडांचे दार बंद करते. दार बंद असताना वरून पाणी ओतत राहिले तर ते रक्तात साठते, सोडियम पातळ होते, पाणी पेशींमध्ये शिरते आणि मेंदूला सूज येते. डोके दुखणे, मळमळ, उलटी, अचानक वाढलेले वजन, सुस्ती, गोंधळल्यासारखे वागणे ही सुरुवातीची चिन्हे. त्यानंतर फिट येऊ शकते. अशी चिन्हे दिसली तर गोळी बंद, पिणे बंद, आणि थेट रुग्णालय. तिथे ‘मूल डेस्मोप्रेसिनवर आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे. कारण उलट्या होणाऱ्या मुलाला पाणी पाजणे किंवा सलाइन लावणे हे कोणाच्याही मनात पहिल्यांदा येते आणि इथे चुकीचे द्रव दिले गेले तर नुकसान होते.

नियम पाळला तर हे औषध सुरक्षित आहे. निरोगी मुलाचे रक्त दर थोड्या दिवसांनी तपासत बसण्याची गरज नसते. धोका असतो तो वेगळ्या रात्रींचा. ताप, उलट्या, जुलाब सुरू झाले की गोळी बंद, मूल नीट खाऊ-पिऊ लागेपर्यंत. आजारी मुलाला पाणी द्यावेच लागते आणि या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. संध्याकाळी पोहताना मुले पाणी गिळतात, सामना खेळून आल्यावर बाटली संपवतात. त्या रात्री गोळी नाही. गोळी द्यायची विसरली आणि मध्यरात्री आठवली, तर ती रात्र सोडून द्यावी. उशिरा दिली तर तिचे आठ तास सकाळच्या दूध-पाण्यापर्यंत लांबतात. दुसऱ्या दिवशी दुप्पट तर कधीच नाही. ओले अंथरूण धुता येते. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके, कार्बामाझेपिन, नैराश्यावरची काही औषधे सोडियम उतरण्याचा धोका वाढवतात. जुलाबावरचे लोपेरामाइड डेस्मोप्रेसिनचे शोषणच वाढवते. ज्या मुलाला सवयीने सतत पाणी प्यायला लागते, ज्याचे मूत्रपिंड किंवा हृदय कमकुवत आहे, ज्याचे सोडियम आधीच कमी आहे, त्याला हे औषध देऊ नये.

या नियमाचा उलटा अर्थ लावून मुलाला दिवसभर तहानलेले ठेवणारे पालकही असतात. चार ते आठ वर्षांच्या मुलाला दिवसात एकूण १ ते १.४ लिटर द्रव लागतात. त्यांतले साधारण ४० टक्के सकाळी, ४० टक्के दुपारी आणि उरलेले २० टक्के संध्याकाळी गेले की रात्रीचा नियम पाळणे जड जात नाही. शाळेत पाणी न पिणारे मूल घरी येऊन संध्याकाळी भरपाई करते, तिथे खरी दुरुस्ती हवी. चहा, कोला टाळावा. रात्रीच्या जेवणात मीठ जास्त असेल तर त्या रात्री लघवीही जास्त होते.

नाकात मारायच्या फवाऱ्याविषयी स्पष्टच लिहितो. डेस्मोप्रेसिनचा फवारा इतर काही आजारांसाठी वापरतात, पण अंथरूण ओले होण्यासाठी तो देऊ नये. त्याचा अंमल लांबतो, एखादा जास्तीचा फवारा सहज मारला जातो, आणि सोडियम उतरून फिट येण्याच्या घटना त्याच्याशी जास्त जोडलेल्या आढळल्या. अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २००७ मध्ये या तक्रारीसाठी फवाऱ्याची मान्यता काढून घेतली. ब्रिटनमध्येही त्याच वर्षी ती गेली.

गोळीकडून काय अपेक्षा ठेवावी? साधारण ३० टक्के मुले पूर्ण कोरडी होतात, ४० टक्क्यांचे काही प्रमाणात कमी होते, बाकीच्यांना फरक पडत नाही. शिबिरासाठी हवी असेल तर ती निघण्याच्या आदल्या रात्री पहिल्यांदा देऊ नये. किमान दोन-तीन आठवडे आधी घरी सुरू करून मात्रा ठरवावी, आणि पाण्याचा व आजारपणाचा नियम शिबिरातल्या जबाबदार व्यक्तीला कागदावर लिहून द्यावा.

ती लागू पडली तर तीन महिने द्यावी, मग आठवडाभर थांबवून पाहावे. हा थांबा अनेक घरांत विसरला जातो आणि मूल आपोआप बरे झालेले असतानाही गोळी चालूच राहते. गोळी एका रात्रीपुरती लघवी कमी करते. शरीराला नवी सवय लावत नाही. त्यामुळे एकदम बंद केल्यावर बहुतेक मुलांचे अंथरूण पुन्हा ओले होते. ते अपयश नव्हे, पुढचे तीन महिने पुन्हा देता येते. दर वेळी असे होत असेल तर हळूहळू सोडवावी : मात्रा तीच ठेवून आधी एका रात्रीआड, काही आठवडे कोरडे गेले की दोन रात्रींच्या अंतराने, आणि मग बंद. एकदम थांबवण्यापेक्षा अशा टप्प्यांनी थांबवलेल्या मुलांत पुन्हा ओले होण्याचे प्रमाण कमी आढळले आहे.

टिकाऊ फरक हवा असेल तर ओलाव्याने वाजणारा अलार्म सरस ठरतो. साधारण दोन-तृतीयांश मुले तो वापरताना कोरडी होतात आणि वापर थांबवल्यावरही निम्मी तशीच राहतात. पण त्याला घरातल्या मोठ्यांची झोप लागते : पहिले काही आठवडे घंटा वाजली की मूल नव्हे, आई-वडीलच उठतात, आणि त्यांनी मुलाला पूर्ण जागे करून लघवीला न्यायचे असते. सलग १४ रात्री कोरड्या जाईपर्यंत, म्हणजे बहुधा दोन-तीन महिने, हे चालवावे लागते. एकाच खोलीत तान्हे बाळ झोपत असेल, आई-वडील रात्रपाळीत असतील किंवा घरात ओल्या अंथरुणावरून मारझोड होत असेल, तर अलार्मचा हट्ट धरू नये. तिथे गोळी हाच शहाणा निर्णय असतो. रोज मध्यरात्री उचलून लघवीला नेल्याने चादर वाचते. मूल शिकत काही नाही.

राहिली दोन औषधे. ऑक्सिब्युटिनिन किंवा टोल्टेरोडिन पिशवीची अकाली आकुंचने शांत करतात. केवळ रात्री ओले करणाऱ्या मुलाला ती एकटी देऊन फायदा होत नाही. डेस्मोप्रेसिनने पुरे पडले नाही आणि पिशवी लहान आहे असे वहीत दिसले, तर जोडीला देतात. ती बद्धकोष्ठ करतात, म्हणजे मूळ दुखणेच वाढवू शकतात, आणि तोंडाला कोरड आणतात. तोंड कोरडे पडलेले मूल पाणी मागते, ते डेस्मोप्रेसिनच्या रात्री. ही जोडी देताना पाण्याचा नियम पुन्हा बसून समजावला पाहिजे. वागण्यात अचानक चिडचिड आली किंवा लघवी करूनही पिशवी रिकामी होत नाही असे वाटले, तर औषध थांबवून डॉक्टरांना कळवावे.

दुसरे औषध इमिप्रामिन, नैराश्यावरचे. अंथरूण ओले होण्यावर त्याचा उपयोग होतो हे १९६० पासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहे. ते चालतेही, म्हणून अजून सर्रास लिहिले जाते. माझ्या मते ते बाकी सगळे करून झाल्यावरचे औषध आहे आणि तज्ज्ञानेच सुरू करावे. सहा-सात वर्षांच्या मुलाला रात्री २५ मिलिग्रॅम, त्याहून मोठ्या मुलांना ५० पर्यंत, बारा वर्षांवर फार तर ७५. वजनाच्या हिशेबाने दिवसाला किलोमागे २.५ मिलिग्रॅम ही मर्यादा. सुरू करण्याआधी हृदयाचा आलेख काढावा. मुलाला कधी चक्कर येऊन शुद्ध हरपली होती का, घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला आहे का, हे विचारल्याशिवाय पहिली गोळी देऊ नये. तीन महिन्यांच्या आत फेरविचार, आणि थांबवताना तीन-चार आठवड्यांत कमी करत थांबवावे. या औषधाची उपयोगाची आणि घातक मात्रा यांत अंतर फार कमी आहे. धोका बहुधा ज्याला औषध चालू आहे त्याला नसून पट्टी हाती लागलेल्या धाकट्या भावंडाला असतो. गोळ्या कुलपात ठेवाव्यात, रोजची गोळी मोठ्यांनीच हातावर द्यावी. एखाद्या मुलाने जास्त गोळ्या गिळल्याचा नुसता संशय आला तरी ते ठीक दिसते आहे म्हणून घरी थांबू नये. हृदयाची लय काही तासांनीही बिघडू शकते. उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता, पट्टी बरोबर घेऊन, तडक रुग्णालयात जावे.

आपला,
एक बालरोगतज्ज्ञ